दोन बार्न

कोशाच्या कचेरीत ताईच्या वाट्याला लहान शब्द आले होते. रोमन लिपीत चार अक्षरांपर्यंतचे, त्याहून मोठा एकही नाही. इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश आणि त्यांच्या कधीच मेलेल्या आज्या-पणज्या अशा सगळ्या जर्मानिक भाषांतले आखूड, अडगळीत पडलेले शब्द वेचायचे, कोणता कुठून आला ते शोधायचं आणि आपल्या भाषेत अर्थ लिहायचा, हे तिचं काम. कचेरी छापखान्याच्या वर होती, दोन खोल्यांची. खाली यंत्र सुरू झालं की वरच्या कपातल्या चहावर गोल गोल लाटा उठायच्या. पाच वर्षांत काम 'बी' या अक्षरापर्यंत आलं होतं. शेवटचं अक्षर बघायला आपली नातवंडं लागतील, असं संपादक म्हणायचे आणि त्या नातवंडांचीही सोय तुम्हीच करा, म्हणजे ताईनं आधी लग्न करावं, असं सुचवायचे. ताई सत्तेचाळीस वर्षांची होती. ती हसून सोडून द्यायची.

शब्दांचा हा नाद तिला वडिलांकडून लागला. नाना पस्तीस वर्षं कॉलेजात जर्मन शिकवत होते. आता चौऱ्याऐंशीचे, पण कान आणि स्मरणशक्ती शाबूत. ताई लहान असताना जेवणाच्या ताटावर ते शब्दांची भाऊबंदकी सांगायचे. एकाच घरातली भावंडं, चेहरे सारखे, पण एकमेकांचं तोंड बघत नाहीत. 'मिस्ट' म्हणजे इंग्रजीत धुकं, जर्मनमध्ये शेणखत. 'ऑर्ट' म्हणजे जर्मनमध्ये ठिकाण, आणि इंग्रजांनी जवळजवळ विसरून टाकलेल्या एका शब्दात तेच रूप म्हणजे चक्क उष्टं. 'गिफ्ट' म्हणजे इंग्रजीत भेट, जर्मनमध्ये विष, आणि स्वीडिशमध्ये विषही आणि लग्न झालेलाही. हे ऐकून ताईची आई भाकरी वाढता वाढता म्हणाली होती, "ते लोक तेवढे खरं बोलतात." आईला जाऊन बारा वर्षं झाली, पण नाना तो विनोद अजून तिच्याच नावावर सांगायचे.

गाव बंदराचं. जहाजांवरून आलेले परदेशी कागद वाचायला दुसरं कोणी नसलं की नानांना बोलावणं यायचं. दाखले, यंत्रांची माहितीपत्रकं, खलाशांची पत्रं. मूळ कागद परत द्यावा लागे, म्हणून नाना आधी तो स्वतःच्या अक्षरात जसाच्या तसा उतरवून घेत आणि भाषांतराच्या कार्बन प्रतीला टाचून ठेवत. अशा अकरा फायली त्यांनी ताईला कोशासाठी देऊन टाकल्या होत्या. शब्दाला उदाहरण म्हणून एखादं खऱ्या माणसानं लिहिलेलं वाक्य मिळालं तर नोंद जिवंत होते, असं त्यांचं म्हणणं.

त्या मंगळवारी ताई 'बार्न' या शब्दावर होती. इंग्रजीतला बार्न म्हणजे धान्याचं कोठार. जुनं रूप दोन शब्दांचं, जव आणि घर, म्हणजे जवाचं घर. ते घासून घासून एवढंसं उरलं. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन या उत्तरेकडच्या भाषांतला बार्न मात्र वेगळ्याच कुळातला. त्याचा अर्थ मूल. पोटात वाहिलेलं ते. वाहणे या अर्थाच्या ज्या क्रियापदापासून तो आला, त्याचं नातं आपल्या 'भृ' धातूशी लागतं, म्हणजे आपला भार आणि त्यांचं बार्न एकाच घरचे. हे लिहिताना ताई खूश होती. आता एक उदाहरण हवं होतं. तिनं स्वीडिशची फाइल काढली. सगळ्यात बारीक, सातच कागद. चौथा कागद एका जहाजावरच्या सुताराचा जबाब होता.

आगीचा जबाब. ती आग गावात सगळ्यांना ऐकून माहीत होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी गोदीतली धान्याची कोठारं पेटली होती. पाच कोठारं होती आणि त्यांच्या पाट्यांवर बार्न एक, बार्न दोन असे आकडे रंगवलेले होते. धान्य सहा दिवस धुमसलं. मग यंत्रं लावून सगळं सपाट केलं. धक्क्याला लागलेल्या परदेशी जहाजावरचा एक सुतार मदतीला आत घुसला होता, त्याचे हात भाजले. जहाज दुसऱ्या दिवशी सुटणार, म्हणून त्यानं आपल्या भाषेत लेखी जबाब दिला. नानांनी त्याचं भाषांतर एका दुपारात करून दिलं होतं. पुढे चौकशीचा निष्कर्ष निघाला: दोन कोठारं संपूर्ण नष्ट, तीन अंशतः, जीवितहानी नाही. चौकशी अधिकाऱ्यानं नानांना आभाराचं पत्र पाठवलं होतं, तेही फाइलमध्ये होतं.

ताईनं भाषांतर वाचलं. शेवटची तीन वाक्यं अशी होती: "आत दोन कोठारं राहिली होती. मोठं लहानाला धरून होतं. मला ती वाचवता आली नाहीत."

वर नानांच्या वळणदार अक्षरात मूळ वाक्य होतं. त्यात बार्न हा शब्द होता.

तिनं तो वाचला आणि पेन खाली ठेवलं. मग परत उचललं. स्वीडिश माणूस धान्याच्या कोठाराला बार्न म्हणत नाही. त्यांच्याकडे त्याला 'लादा' म्हणतात, तोही चारच अक्षरांचा. सुतारकाम करणाऱ्याला तो येणार नाही असं होणार नाही. तिनं मनातल्या मनात एकच शब्द बदलला. आपल्या भाषेनंही दगा दिला. कोठारही नपुंसकलिंगी, मूलही नपुंसकलिंगी. बाकी एक मात्रासुद्धा हलवावी लागली नाही.

आत दोन मुलं राहिली होती. मोठं लहानाला धरून होतं. मला ती वाचवता आली नाहीत.

ती उठली, मोरीशी गेली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. संपादकांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिनं घसा कोरडा पडलाय असं सांगितलं. कप तिच्या हातात किती वेळ होता ते तिला आठवत नाही. खाली यंत्र चालू होतं आणि तिला ते ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती वाचनालयात गेली आणि त्या महिन्याच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढून घेतला. मनात एकच होतं की काही सापडू नये. आगीच्या चौथ्या दिवसाच्या अंकात, चौथ्या पानावर, सायकलीच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या. मुलगी वय नऊ आणि मुलगा वय सहा हरवले आहेत, गोदीच्या रस्त्याला शेवटचे दिसले, आई गोदीत धान्य चाळण्याच्या कामावर आहे. आगीच्या गोंधळात मुलं भरकटली असावीत किंवा कोणी पळवली असावीत, असा पोलिसांचा कयास होता. आग आणि मुलं ही दोन टोकं कोणी एकत्र बांधलीच नव्हती. बांधायचं कारणच नव्हतं. जीवितहानी नाही, असं चौकशीच्या कागदावर लिहिलेलं होतं.

तरी तिनं शेवटची एक आशा धरून ठेवली. कदाचित नानांनी उतरवतानाच चूक केली असेल. ती बंदर कचेरीच्या दफ्तरखान्यात गेली, अर्ज दिला, दोन तास बाकड्यावर बसली. मूळ जबाब निघाला. भाजलेल्या हातानं लिहिलेला, रेघा वेड्यावाकड्या. नानांनी एक टिंबसुद्धा चुकवलं नव्हतं.

नाना खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत बसले होते. ताईनं कसं सांगायचं याची वाटभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी दारातच विसरली. तिनं नुसता कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि बार्नखाली बोट ठेवलं.

नानांनी चष्मा चढवून वाचलं. "मग? गोदीच्या आगीचा जबाब आहे."

"नाना, हा शब्द परत बघा. स्वीडिश म्हणून बघा."

ते बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, परीक्षेत सोपा प्रश्न आलेल्या माणसासारखं थोडं हसूच होतं. मग ते हसू जिथल्या तिथे राहिलं आणि मागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं. त्यांनी आपला स्वीडिश शब्दकोश मागितला. निळ्या कापडी बांधणीचा, पहिल्या पानावर त्यांचंच नाव. पान त्यांनी स्वतः उलटलं, शब्द सापडला, बोट त्यावर टेकलं. त्यांनी जबाबाचा कागद पालथा केला. मागे पेन्सिलीनं त्या दुपारी कोशात पाहिलेल्या शब्दांची यादी होती. तशी यादी करायची त्यांची सवय होती. एकोणीस शब्द.

"एकोणीस पाहिले," ते म्हणाले. "हा नाही पाहिला. हा मला येत होता."

संध्याकाळपर्यंत ते खुर्चीतच बसून होते. ताईनं वर्तमानपत्रातल्या चार ओळी वाचून दाखवल्या त्या त्यांनी ऐकल्या. चहा गार झाला, तो तिनं उचलला, दुसरा ठेवला, तोही गार झाला. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं की ती आई आहे का अजून.

ताईला वाटत होतं की नसावी. आणि खरं सांगायचं तर, नसली तर बरं, असंही तिला वाटून गेलं. मग त्या वाटण्याचीच तिला शिसारी आली. ती गोदी कामगारांच्या युनियनच्या ऑफिसात गेली आणि हरवलेल्या मुलांच्या त्या आईची चौकशी केली. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं रजिस्टरही उघडलं नाही. "चाळणबाई? आहे की. गोदीमागच्या वसाहतीत, चौथी रांग. धाकटी लेक सोबत असते. लेकीनं चांगला फ्लॅट घेतला, पण म्हातारी खोली सोडायला तयार नाही. पोरांना हाच पत्ता ठाऊक आहे म्हणते."

हे ऐकल्यावर सांगावं की नाही असा प्रश्न ताईला पडला. ती बाई एकेचाळीस वर्षं मुलं कुठेतरी आहेत असं धरून जगली होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हातातून ते काढून घ्यायचं आणि बदल्यात काय द्यायचं? एक कागद. तिनं नानांना तसं बोलून दाखवलं. नाना अंगात सदरा घालत होते.

"तो सुतार जे सांगत होता ते तिच्यासाठी होतं," ते म्हणाले. "निरोप तिचा होता. तो मी मध्येच अडवून ठेवला. ज्याचं त्याला देऊन येऊ. पुढं ती काय म्हणेल ते ऐकून घेऊ."

चाळणबाईची खोली लहान आणि लख्ख होती. एका भिंतीला पत्र्याची पेटी, तिच्यावर घडी घातलेली गोधडी, खिडकीत एक रोप. बाई बारीक, ताठ. दोघांना तिनं बसायला घातलं आणि पेन्शनीच्या कामासाठी आलात का म्हणून विचारलं. ताई सांगायला लागली, पण नानांनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी स्वतः सांगितलं. सुतार कोण, जबाब काय, शब्द कोणता, तो दोन भाषांत कसा वेगळा. मध्ये ते पाणी प्यायले, परत सुरू झाले. तीनही वाक्यं त्यांनी नव्यानं वाचून दाखवली. मधलं वाक्य गाळावं असं ताईच्या मनात होतं. त्यांनी गाळलं नाही.

बाई हलली नाही.

मग ती म्हणाली, "तो सुतार ना. हाताला फडकी गुंडाळलेला. पिवळ्या केसांचा."

नानांनी मान वर केली.

"माझ्याकडं आला होता. मी गोदीच्या फाटकात पोरांना हाका मारत उभी. त्यानं माझं मनगट धरलं. दोन बोटं दाखवली. बाण, बाण म्हणत होता. सारखं तेच. बाण."

"काय म्हणत होता?" नानांनी विचारलं.

"बाण. तीरकामठ्यातला बाण. मला कळेना. फाटकावरचा कारकून म्हणाला, अगं, बार्न म्हणतोय, दोन कोठारं गेली म्हणतोय. मी म्हटलं, बाबा, कोठारं गेली ती मला दिसतायत, माझी पोरं दिसली का ते सांग. तर तो रडायलाच लागला. मी त्याला तिथंच टाकून पुढं गेले. शोधायला."

स्वीडिश बोलताना शब्दाच्या शेवटी र आणि न एकत्र आले की बहुतेक ठिकाणी त्यांचा ण होतो. तिनं हे कोशासाठी ध्वनिमुद्रणं ऐकून टिपून ठेवलं होतं. नाना ती भाषा पुस्तकातून शिकले होते, त्यांनी तो शब्द कधी कानानं ऐकलाच नव्हता. अक्षर न वाचता येणाऱ्या या बाईनं तो बरोब्बर ऐकला होता आणि एवढी वर्षं तसाच जपून ठेवला होता. तोवर ताईच्या मनात कुठेतरी शंकेला जागा होती. ती तिथं संपली.

चाळणबाई नानांकडे बघत होती. आवाज चढला नाही.

"तुम्ही मला एकेचाळीस वर्षं शोधायला लावलंत," ती म्हणाली.

माफी हा शब्द नानांनी तोंडातून काढला नाही. काढला असता तर तिनं तो घेतला नसता, हे त्यांना कळलं असावं.

"किती गावं फिरले ठाऊक आहे? अनाथाश्रम, दवाखाने. बाजारात एखादी पोर पाठमोरी दिसली की मागं जायची. त्याच्यापायी नवरा सोडून गेला. नंतर झालेली धाकटी पोर शेजारणींनी वाढवली. आणि ती दोघं तिथंच होती. माझ्या चाळणीपासून शंभर पावलांवर." ती थांबली. "आता जा तुम्ही."

ते उठले. दारात नानांचा पाय अडखळला तेव्हा त्यांना सावरायला तीच पुढे झाली. मग तिनं हात झटकन मागे घेतला आणि दार लावलं.

पुढचे काही आठवडे नाना जेवायचे, अंघोळ करायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. पण ताईला वाटायचं की त्या दुपारच्या खुर्चीतून ते उठलेलेच नाहीत. त्यांनी बंदर कचेरीला अर्ज केला. आपण केलेलं अमुक तारखेचं भाषांतर चुकीचं आहे, दुरुस्त प्रत जोडली आहे. कचेरीत असा अर्ज याआधी कोणी केला नव्हता, त्यामुळे त्याला खिडकीच नव्हती. शेवटी एका बाईंनी छापील नमुना दिला. त्यात चूक होण्याचं कारण असा रकाना होता. नानांनी लिहिलं: शब्द माहीत आहे असे समजून पाहिला नाही. बाईंनी वाचून विचारलं की एवढंच का. एवढंच, असं नाना म्हणाले.

चौकशीच्या निष्कर्षाला पुरवणी जोडली गेली. तिच्या आधारावर चाळणबाईच्या धाकट्या लेकीनं दोन मृत्युदाखले काढून घेतले. ताई तिच्याबरोबर नोंदणी कचेरीत गेली होती. लेक नर्स होती, असे दाखले तिनं शेकड्यांनी हाताळलेले, पण वयाचे आकडे वाचताना ती भिंतीला टेकली. ज्या भावंडांना ती कधी भेटली नव्हती, ती आता तिच्यापेक्षा कायमची लहान झाली होती.

एका रविवारी दुपारी चाळणबाई स्वतःच नानांकडे आली. सोबत लेक होती. आम्ही फ्लॅटवर राहायला चाललोय, असं तिनं बसता बसता सांगून टाकलं, जसं काही तेच सांगायला आली होती. मग तिनं त्या सुताराला पत्र लिहायचंय असं सांगितलं. त्याच्या भाषेत. आणि ते नानांनीच लिहायला हवं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

ताई म्हणाली की तो आता असेल की नाही कोण जाणे. जहाजाच्या कंपनीचा पत्ता जबाबावर होता, पण कंपनी राहिली आहे का, तेही ठाऊक नाही.

"ते पोस्टमन बघेल," चाळणबाई म्हणाली. "तुम्ही त्याला एवढं लिहा: तुम्ही मला सांगितलं होतं. मला समजलं नव्हतं. आता समजलं."

नानांनी कोश पुढ्यात ओढला. ते एकेक शब्द काढत होते आणि एकेक पाहत होते. 'तुम्ही' पाहिला, 'मला' पाहिला, 'नव्हतं' पाहिला. पोराबाळांनाही येणारे शब्द. तीन ओळींना तासाच्या वर लागला. चाळणबाई समोर बसून होती. तिनं घाई केली नाही, लेक चुळबुळ करायला लागली तेव्हा तिला डोळ्यांनी दटावलं. लिहून झाल्यावर नानांनी ताईला मोठ्यानं वाचायला लावलं, कारण उच्चार तिचे चांगले होते. चाळणबाईनं डोळे मिटून ऐकलं.

"अजून एक टाका," ती म्हणाली. "विचारा, हात बरे झाले का."

हातासाठीचा शब्द, 'हँड', इंग्रजी, जर्मन, डच आणि स्वीडिश या चारही भाषांत अगदी एकच आहे. अक्षरंही तीच, अर्थही तोच, कुठे भाऊबंदकी नाही. ताईनं तो चटकन सांगितला. नानांनी मान हलवली, चष्मा पुसला आणि कोशाची पानं उलटायला लागले.